पासंग

नऊ वर्षं मी माझ्या भावापासून भांडं लपवलं.
खोटं नाही सांगत. किल्ली इथे, कमरेच्या कापडाला गाठ मारून.
बुकोमच्या नाक्यावर मी केंकीचे गोळे विकायचे,
अख्ख्या अक्राला पोटभर,
आणि लान्तेला अर्धा. तोही मोजून.

एकोणऐंशी किलो.
त्यावर पाण्याचा घोटसुद्धा नाही.
समोरच्याच्या ठोशाआधी त्याला काटाच मारायचा.
शेवटचे दोन दिवस कचऱ्याची काळी पिशवी अंगात घालून
छतावर दोरीच्या उड्या,
मग डबा मांडीत धरून थुंकत बसायचं,
थुंकीलाही वजन असतं म्हणून.
मी खाली मासे धुरावर ठेवायचे
आणि तो भिंतीकडे तोंड करून निजायचा.
निजायचा कसला.

मग क्वार्कूमास्तर म्हणाले, वर जायचं. हेवीवेटला.
या वजनात आता कुणी त्याच्याशी खेळायला तयार नाही,
आणि जे तयार आहेत ते पैसे देत नाहीत.
मी विचारलं, तिथली हद्द किती?
म्हातारा हसला, पुढचे दोन दात नसलेलं.
‘खालची आहे, देदेई. नव्वदच्या जरा वर.
वरची हद्दच नाही.’

त्या रात्री मी कितीतरी वेळ जागी.
हद्द नाही असं
आम्हाला कधी कुणी
कशाबद्दलच म्हणालं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी चार गोळे मांडले, शितो, तळलेली बांगडी.
लान्तेने अर्धा गोळा खाल्ला
आणि हात धुवायला उठला.
सवयीने.
मी खांद्याला धरून खाली बसवलं.
त्याने खाल्लं. मग मागे जाऊन ओकला. मग पुन्हा खाल्लं.
सात महिने हेच.
गल्लीतली पोरं वाकुल्या दाखवत,
दिवसातनं सहा वेळा जेवणारा बॉक्सर!
लग्नातल्या सदऱ्याची बटणं तुटली,
त्याची बायको हसली, आणि मग एकदम गप्प झाली.

समोर कुमासीचा बोआदू.
एकशे अठरा किलो. लोक म्हणत,
तू त्याच्या पासंगालाही पुरायचा नाहीस.

वजनाच्या सकाळी आमच्या घरच्या काट्यावर
नव्वदला अजून थोडं कमीच.
बापाचं जाळं विकलं तेव्हा
त्याचं शिसं मी काढून ठेवलं होतं,
भाव वाढला की विकू म्हणून.
चौदा गोळ्या. मी त्या चड्डीच्या नाडीत ओवल्या,
वरून जाड पँट, दोन बाटल्या पाणी, बूट.
लान्ते बूट घालून काट्यावर चढला, आयुष्यात पहिल्यांदा.
साहेबाने आकडा पुकारला. ब्याण्णव.
लान्तेने माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही छताचा पंखा बघत होते.
बुडालेल्या माणसाने पोराला
दोन किलो दिले, एवढंच.

आणि रात्री रिंगमध्ये
मला पहिल्यांदा त्याच्या पावलांचा आवाज ऐकू आला.
आधी तो यायचा जायचा, कळायचंही नाही.
आता फळ्या बोलत होत्या.
दुसऱ्या फेरीत बोआदूचा उजवा हात बसला,
असा, की मागच्या बाकावरची माणसंही मागे रेलली.
लान्ते गुडघ्यावर आला. सहाला उठला.
पूर्वी अशा ठोशाने तो
दोराबाहेर आला असता. आता तिथेच उभा होता,
माझ्या सात महिन्यांच्या जेवणासकट.
चौथ्यात बोआदूचंही तोंड उघडं पडलं,
धापेने. मी पाहिलं.

कोपऱ्यात मी खालून जाळीपाशी गेले.
डोळा मिटलेला, ओठ फाटून दोन झालेला.
रबराचं दातकूड काढलं, बादलीत थुंकला. लाल.
वाकला माझ्याकडे. म्हणाला,
‘भांडं उघडं ठेवून आलीस ना?’

होय म्हणेपर्यंत घंटा झाली,
आणि क्वार्कूमास्तरांनी त्याच्याखालचं स्टूल ओढून घेतलं.